खाड्यांच्या वहीतलं प्रॉडक्ट मॅनेजमेंट

पत्राचा सारांश : वय ३१, राहणार नागपूर. एमसीए झाल्यापासून सात वर्षं मिहान या इथल्या उद्योग-वसाहतीतल्या एका आयटी सेवा कंपनीत टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. क्लायंट परदेशी, सॉफ्टवेअर विम्याच्या दाव्यांचं. 'टेस्टरचं कोणी ऐकत नाही, आम्ही रांगेत शेवटचे,' म्हणून आता प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं आहे. त्यासाठी एक ऑनलाइन कोर्स बघून ठेवलाय. फी २ लाख ४० हजार, म्हणजे कर्ज काढावं लागेल. नवऱ्याची नोकरी इथलीच आणि मुलगी चार वर्षांची, त्यामुळे पुणे-बंगळूरूला जाणं कठीण. 'नागपुरात राहून ही कौशल्यं कमावता येतील का? इथे तसं वातावरण नाही, तशी माणसं नाहीत. खापरीपर्यंत मेट्रोत पॉडकास्ट ऐकते, तेवढाच अभ्यास. रविवारी बसावं म्हटलं तर मावशीच्या मेसचा हिशेब करायला जावं लागतं आणि महिनाअखेरीला खाड्यांवरून, म्हणजे डबा न घेतलेल्या दिवसांवरून, पोरांशी भांडणं. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना गडबडते. उशीर झालाय का?'

पत्रात तू मला 'ताई' म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने एका वाक्याखाली रेघ मारली. कोर्सच्या नाही, मावशीच्या मेसमधल्या खाड्यांच्या वाक्याखाली. तू ते रडगाणं म्हणून लिहिलंस. मला मात्र पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच वाटली. तिच्याकडे येतेच, आधी एक विचारू दे.

टेस्टरचं कोणी ऐकत नाही, म्हणून तुला हे पद हवंय. तुला नेमकं काय हवंय, निर्णय घ्यायचेत की आपलं ऐकलं जावं एवढंच? दोन्ही इच्छा रास्त आहेत. पण नुसतं ऐकलं जावं एवढ्यासाठी हा मार्ग धरलास, तर पहिल्याच वर्षी हिरमुसशील. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली सहसा ना डेव्हलपर असतात, ना डिझायनर, आणि विक्रीवाले तर नसतातच. 'हे कर' असं तो यातल्या कोणाला फर्मावू शकत नाही, समजावून पटवून घ्यावं लागतं. शिवाय अंदाज चुकला की सगळ्यांची मान त्याच्याकडे वळते. ग्राहकाला नक्की काय अडतंय, त्यातलं आधी काय बनवायचं, काय अजिबात बनवायचं नाही आणि का, याचं उत्तर देणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. ठरलेलं काम वेळेत आणि पैशांत पार पाडणं हे प्रोजेक्ट मॅनेजरचं. सॉफ्टवेअर थोड्या थोड्या टप्प्यांत बनवायच्या 'स्क्रम' पद्धतीत 'प्रॉडक्ट ओनर' असतो, तो कामांच्या यादीचा क्रम लावतो. काही ठिकाणी एकच माणूस ही दोन्ही-तिन्ही कामं करतो, म्हणून जाहिरातीतल्या पदनामावर जाऊ नकोस, खालचं कामाचं वर्णन वाच.

आता माझीच एक फजिती सांगते. पुण्यात एका कंपनीत होते. ठोक व्यापाऱ्यांच्या सेल्समनसाठी ऑर्डर घ्यायचं ॲप आम्ही करत होतो. तीन महिने खपून मालकांसाठी रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड केला. मालक खूश, आमचे साहेब खूश. मे महिन्यात सुट्टीवर घरी नागपूरला आले होते, तेव्हा ओळखीतल्या एका सेल्समनच्या मागे इतवारीच्या किराणा ओळीत दिवसभर फिरले. हा बाबा खिशातल्या चिठ्ठीवर ऑर्डर लिहीत होता आणि रात्री घरी जेवण झाल्यावर ॲपमध्ये भरत होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो दुकानदार भरभर बोलून राहिला, मी लिहू का तुमचं ते ड्रॉपडाऊन पाहत बसू?" वर गल्लीत नेटवर्क जायचं ते वेगळंच. आमच्या डॅशबोर्डवर सगळ्या ऑर्डरी रात्री साडेनऊनंतर पडलेल्या दिसत आणि आम्ही त्याचा अर्थ काढला होता, 'बाजार रात्री जागा असतो'! ऑफिसात कोणी इतवारीत उभंच राहिलं नव्हतं. माझ्याकडे तेव्हा सर्टिफिकेट होतं, तेही चांगल्या ठिकाणचं.

आणि हे काम मुळात रस्त्यावरच जन्मलंय. १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम पाहत होता. त्याला हाताशी आणखी माणसं हवी होती. ती का हवीत हे पटवायला त्याने तीन पानी टिपण लिहिलं. एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी एका माणसाकडे द्या. जिथे माल खपत नाही तिथे त्याने स्वतः जावं, दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलावं, दुखणं शोधावं आणि उपाय करून त्याचा परिणामही मोजावा, असा त्याचा सूर. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरची वंशावळ सहसा त्या टिपणापर्यंत नेली जाते. हाच मॅकेलरॉय पुढे कंपनीचा प्रमुख झाला आणि १९५७मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. संगणक चित्रात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा 'नागपुरात वातावरण नाही' हे तुझं वाक्य मी अर्धंच मान्य करते. प्रॉडक्ट कंपन्या, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या, इथे थोड्या आहेत, हे खरं. मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बरंचसं काम सेवांचं चालतं आणि काय बनवायचं हे क्लायंटच्या गावी ठरतं. पण अडलेली माणसं? ती इथे पैशाला पासरी आहेत.

कुठल्याही तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सकाळी पाच मिनिटं उभी राहा. २०१६मध्ये यूपीआय आलं, हळूहळू सगळे स्कॅन करू लागले. पण ठेलेवाल्याचा एक हात पोह्यात, दुसरा तर्रीच्या डावात. पैसे आले का ते मोबाइलवर बघणार कधी? काही महाभाग जुना स्क्रीनशॉट दाखवून निघून जायचे. त्यावर तोडगा निघाला तो बोलणारा डबा : 'तीस रुपये प्राप्त हुए'. पडदा नाही, बटणं जवळपास नाहीत, नुसता आवाज. ज्याने तो डबा पहिल्यांदा सुचवला, त्याने एखाद्या गल्ल्यापाशी उभं राहून बराच वेळ घालवला असणार, असं मला नेहमी वाटतं.

आता मावशीची मेस.

बहुतेक मेसवाल्यांचा असतो तसा तिचाही नियम असेल : सलग तीन दिवस खाडा पडला तरच पैसे कापले जातील. नियम का केला ते उघड आहे. रोज कोणी उठून 'आज नको' म्हणेल तर स्वयंपाकाचा अंदाजच चुकेल. पण पोरांच्या बाजूने बघ. एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कापलेच जाणार नसतील, तर 'उद्या मी नाही' हे कळवायची तसदी तो का घेईल? तो मित्राच्या वाढदिवसाला सावजी खायला जातो, डबा खोलीच्या दाराशी तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी आंबून परत येतो. म्हणजे नासाडी थांबवायला केलेला नियमच नासाडी करतोय, असं होऊ शकतं. 'होऊ शकतं' म्हणतेय, कारण मी मोजलेलं नाही. मोजायचं तू.

समज, १२० डब्यांपैकी रोज ८ वाया जातात आणि एका डब्याला कच्चा माल ३५ रुपयांचा लागतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७,२८० रुपये झाले. आता आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर एका दिवसाचेही अर्धे पैसे परत, असा नियम केला तर? नासाडी घटेल, भांडणंही घटतील. पण दर शनिवारी 'नको' म्हणणारे वाढतील आणि मावशीचं उत्पन्नच खाली येईल, हाही धोका आहे. शिवाय आत्तापर्यंत जे कळवत होते पण पैसे मागत नव्हते, त्यांनाही आता पैसे द्यावे लागतील. म्हणून दोन आकडे सोबत ठेव, वाया गेलेले डबे आणि महिन्याची एकूण वसुली. पहिला सुधारताना दुसरा ढासळला तर नियम मागे घ्यायचा, आणि किती ढासळला की मागे घ्यायचा तो आकडा सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवायचा. नंतर लिहिला तर आपलं मन आपल्यालाच फसवतं. यात पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं म्हणणंही घे. पीठ किती वाजता मळायला घेतात यावर ती नऊची वेळ ठरेल, तुझ्या-माझ्या सोयीवर नाही.

ॲप बनवायचं मनातही आणू नकोस. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप, एक ठरलेला शब्द आणि एक वही. चार आठवडे जुन्या नियमाने मोज, पुढचे चार नव्या नियमाने. दिवाळीची सुट्टी किंवा विद्यापीठाच्या परीक्षा मध्ये येऊ देऊ नकोस, नाहीतर डबे कशामुळे कमी झाले तेच कळणार नाही. कोर्समध्ये तुला 'ए-बी टेस्ट' शिकवतील, म्हणजे अर्ध्या ग्राहकांना जुनं आणि अर्ध्यांना नवं देऊन फरक पाहायचा. छान पद्धत आहे, पण तिला माणसं लागतात. एखादी गोष्ट करणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ५वरून ६वर गेलं का, हे भरवशाने सांगायला नेहमीच्या हिशेबाने प्रत्येक गटात साधारण ८ हजार माणसं हवीत. १२० डब्यांवर ते होत नाही. तिथे मोठा, डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो का तेवढंच बघायचं, आणि माणसांशी बोलायचं.

बोलण्याचीही एक रीत आहे. 'अशी सोय केली तर आवडेल का?' असं विचारलंस तर आपल्याकडे कोणी नाही म्हणणार नाही. मावशीच्या भाचीचं मन कोण मोडणार? म्हणून पुढचं विचारायचंच नाही, मागचं विचारायचं. मागच्या वेळी डबा नको होता तेव्हा काय केलंस? कोणाला सांगितलंस? मेसेज दाखव बरं. पाच-सहा पोरांशी असं बोललीस की तेच तेच ऐकू यायला लागेल. ते टिपताना त्यांचे शब्द तसेच्या तसे लिही. 'ग्राहकांना लवचीकता हवी' असलं काही लिहू नकोस. 'काकू, तुम्ही कापतच नाही मग कायले सांगू' असं लिही.

एवढं सगळं झालं की दोन पानी टिपण तयार कर : अडचण काय होती, कोणाची होती, काय काय करता आलं असतं, त्यातलं काय नाकारलं आणि का, आकडे काय म्हणाले, मी कुठे चुकले. मुलाखतीत नियोक्ता जे चाचपून पाहतो ते हेच असतं. सर्टिफिकेट शंभर जणांकडे असतं, स्वतः घेतलेल्या आणि निस्तरलेल्या निर्णयाचं टिपण फार थोड्यांकडे.

ऑफिसातही तुझ्याकडे मोठा ऐवज पडलाय आणि तू त्याच्यावर बसून आहेस. सात वर्षांचे बग, सॉफ्टवेअरमधल्या तू पकडलेल्या चुका! दावा भरणारा कारकून कुठल्या पडद्यावर अडखळतो, कुठली चूक दर रिलीजला परत येते, कुठली सुविधा कोणी वापरतच नाही, हे टीममध्ये तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल? मागच्या वर्षभराचे बग घे, स्प्रेडशीटमध्ये टाक आणि प्रत्येकापुढे कारण लिही : कोडमधली चूक, की मुळात काय हवंय हेच कोणाला नीट कळलं नव्हतं? दुसऱ्या प्रकारचा ढीग हा तुझा पहिला प्रस्ताव. तो घेऊन आधी क्लायंटच्या गरजा लिहून काढणाऱ्या बिझनेस ॲनालिस्टकडे जा, मग मॅनेजरकडे. महिन्यातून दोनदा क्लायंटच्या कॉलवर नुसतं ऐकायला बसू द्या, सपोर्टची तिकिटं, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी, वाचायला द्या, एका छोट्या मॉड्यूलच्या गरजा मला लिहू द्या, असं माग. 'प्रॉडक्ट मॅनेजर करा' म्हणून अर्ज केलास तर उत्तर ठरलेलं असेल. काम मागितलंस तर ते बरेचदा मिळतं, कारण कोणालातरी ते नकोच असतं. टेस्टिंगमधून ॲनालिस्ट, तिथून प्रॉडक्ट ओनर आणि मग पुढे, ही वाट लांबची असली तरी चालणाऱ्यांची आहे. एक सावधगिरी मात्र बाळग. क्लायंटचा डेटा, पडदे, नावं, काहीही घरी आणायचं नाही आणि मुलाखतीत दाखवायचं नाही. दाखवायला मेस आहे.

शिकायचंच म्हणशील तर एसक्यूएल शीक, साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा. निवडणं, गट पाडणं, दोन तक्ते जोडणं, एवढं आलं तरी पुष्कळ. रोज अर्धा तास दिलास तर दोन-तीन महिन्यांत हात बसेल. त्यासोबत एक सवय लाव, सरासरीवर विश्वास न ठेवण्याची. जूनमध्ये मेसला लागलेल्या ३० पोरांपैकी जुलैत किती राहिली, ऑगस्टमध्ये किती, असं तुकडीवार बघितलंस की जे दिसतं ते 'सरासरी १२० डबे' यात कधीच दिसत नाही. पोरं गळतायत आणि तेवढीच नवी येतायत, तरी सरासरी ठणठणीत! प्राधान्य ठरवायच्या सूत्रांचंही कोर्समध्ये बरंच कौतुक असतं. इंटरकॉम कंपनीतून आलेलं एक 'राइस' नावाचं आहे. किती जणांपर्यंत पोहोचेल, परिणाम किती, आपली खात्री किती, या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि लागणाऱ्या श्रमांनी भागायचं. वापर अवश्य, पण 'खात्री'च्या रकान्यात लोक सर्रास लबाडी करतात. लाडकी कल्पना असली की ८० टक्के! ज्या कल्पनेसाठी एकाही माणसाशी बोलली नाहीस, तिच्यापुढे २० लिहायची शिस्त पाळलीस तर ते सूत्र उपयोगी पडेल.

इंग्रजीची भीती मला कळते, मीही मराठी माध्यमातली. मीटिंगमध्ये फर्ड्या इंग्रजीत बोलणारे भाव खाऊन जातात, हे नाकारून काय उपयोग? पण या कामात लिहिणारा माणूस टिकतो. ॲमेझॉनमध्ये २००४ साली कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याजागी सलग लिहिलेली टिपणं आणली. बैठक सुरू झाली की आधी सगळे शांतपणे ते टिपण वाचतात, चर्चा नंतर. तू आधी मराठीत लिही. विचार कुठे पोकळ आहे ते आपल्या भाषेत पटकन उघडं पडतं. मग साध्या, छोट्या वाक्यांचं इंग्रजी कर आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पाठव. पान आधी पोहोचलेलं असलं की मीटिंगमध्ये तुला बोलावं लागतं ते फक्त प्रश्नांपुरतं, आणि ते तुला जमतं. बग समजावताना डेव्हलपरशी तू रोज तेच तर करतेस.

आता पैसे. २ लाख ४० हजारांचा कोर्स वाईटच असेल असं मी म्हणणार नाही. चांगल्या कोर्समधून शब्द मिळतात, शिस्त मिळते, बरोबरीची माणसं मिळतात. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. पण कर्ज काढून आज नको. सहा महिने मेस आणि बगचं काम कर. तेवढ्यात हे काम आपल्याला आवडतं का, हेही कळेल; काही जणांना ती सततची अनिश्चितता सोसत नाही आणि ते चांगल्या टेस्टिंगकडे, ऑटोमेशनकडे सुखाने परततात. त्यात कमीपणा काही नाही. सहा महिन्यांनी कोर्स करावासा वाटला तर पैसे भरण्याआधी तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तीन जणांशी बोल. नावं संस्थेकडून घेऊ नकोस, तू शोध. तुझ्यासारखे टेस्टिंगमधून आलेले शोध, आणि एवढंच विचार : कोर्सच्या आधी कुठे होता, आज रोज काय काम करता? आपल्या मिहानमध्येच आयआयएम आहे, म्हणून पूर्णवेळ एमबीएचा विचार तुझ्या मनात येईल. पण मुलगी चार वर्षांची, पगार बंद आणि वर फी. आजच्या घडीला मी ते सुचवणार नाही.

बंगळूरूचा प्रश्न आत्ता सोडवायचाच नाही. पहिली भूमिका बाहेरगावची मिळालीच, तर तेव्हा घरी चौघांनी बसून बोलायचं. घरून काम चालणाऱ्या जागाही असतात, पण पहिल्या नोकरीत माणसांच्या शेजारी बसून जे शिकता येतं ते पडद्यावरून निम्मंच पोहोचतं, हा माझा अनुभव. तुझा वेगळा असू शकेल.

'तशी माणसं नाहीत' म्हणतेस, तर दोन पुरतील. एक असं, जे हे काम चार-पाच वर्षं करतंय. कंपनीतल्या पुण्याच्या शाखेत किंवा कॉलेजच्या सीनियरमध्ये सापडेल. 'मला मार्गदर्शन करा' असं लिहू नकोस, त्या शब्दाने माणूस दचकतो. मेसचं दोन पानी टिपण पाठव आणि 'यात मी काय बघायचं राहून गेलं?' एवढंच विचार. दुसरा एखादा डेव्हलपर, जो न रागावता सांगेल की तू मागतेस ते दोन दिवसांचं काम आहे की दोन महिन्यांचं. त्याला चहा पाजत राहा.

आणि ३१व्या वर्षी उशीर? या प्रश्नाला मी जागा देत नाही.

आज मुलगी झोपली की मावशीला फोन लाव. काल किती डबे गेले आणि किती न उघडता परत आले, एवढंच विचार. तिला माहीत नसेलच. उद्या जाताना तिला एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन देऊन ये. पेन दोरीला बांधूनच, नाहीतर दुसऱ्या दिवशी सापडणार नाही. आठ आठवड्यांनी तुझं टिपण मला पाठव, मराठीतलंच.